एका बैठकीचे चार सिलिंडर

सिलिंडर भरण्याआधी तो वाजवून बघायचा असतो. रिकामा सिलिंडर उभा करायचा, पाव किलोच्या हातोडीने त्याच्या पोटावर एक टोला द्यायचा आणि ऐकायचं. चांगला सिलिंडर शाळा सुटल्याच्या घंटेसारखा लांबवर वाजत राहतो. आतून गंजलेला किंवा तडा गेलेला असेल तर बद्द वाजतो आणि लगेच गप्प होतो. असा सिलिंडर बाजूला काढायचा. तो न काढता हवेच्या दीडशे पट दाबाने ऑक्सिजन भरला, तर काय होतं ते सांगायला भरणारा सहसा उरत नाही.

ऑक्सिजन भरण्याच्या कारखान्यात सव्वीस वर्षं हे काम एकच माणूस करत होता. त्याला सगळे कानसेन म्हणत. पगारपत्रकावर त्याचं नाव वेगळं होतं, पण ते कॅशियरलासुद्धा वाचूनच सांगावं लागे. दिवसाला अडीचशे सिलिंडर त्याच्या कानाखालून जात. पास झालेल्याच्या मानेवर तो खडूने एक तिरकी रेघ ओढायचा, मग दोन सिलिंडर तिरके धरून, एकाच वेळी दोन्ही हातांनी बुडावर फिरवत भरण्याच्या रांगेपर्यंत न्यायचा. बघणाऱ्याला वाटे, हा त्यांना नाचवतोय. जोर हातांचा दिसे, पण काम सगळं पायाचं. वळताना पायाच्या अंगठ्यावर भार द्यायचा, टाच सोडायची, परत अंगठा.

कारखान्यात दुसरा नियम तेलाचा होता. ऑक्सिजनच्या जवळ तेल, तूप, ग्रीस, मलम काहीही नको. दाबाखालच्या ऑक्सिजनला तेलाचा एक थेंब मिळाला की काडी न ओढता आग लागते. डबा खाल्ल्यावर साबणाने कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय कानसेन व्हॉल्व्हला बोट लावत नसे. कामाच्या दिवशी तो डोक्याला तेल लावत नसे. लग्न झालं तेव्हा त्याचे केस बघून सासूबाई म्हणाल्या होत्या, "जावई चांगला आहे, पण झाडूसारखा का दिसतो?"

जखम झाली ती बुटामुळे. कंपनीने नवे बूट दिले, पुढे पोलादी टोपी असलेले. त्याचा नंबर संपला होता, म्हणून अर्ध्या नंबराने लहान. साखर त्याला अकरा वर्षं होती आणि तळव्यांना काही कळेनासं होऊन तीन. एका संध्याकाळी त्याने बूट काढला तेव्हा मोजा ओला होता. बूट उलटा केला तर त्यातून व्हॉल्व्हचा पितळी वॉशर पडला, बोटाच्या नखाएवढा. तो सकाळपासून त्या वॉशरवर उभा होता. अंगठ्याच्या मुळाशी, तळव्यात, वॉशरचा गोल छाप उठला होता, मधल्या भोकासकट.

"दिवसभर कळलं नाही तुम्हाला?" बायकोने विचारलं.

"कळलं असतं तर काढला नसता का?"

चार महिने पट्ट्या झाल्या, गोळ्या झाल्या. छाप तसाच राहिला, फक्त खोल होत गेला. शेवटी सर्जनने एक पातळ सळई जखमेत घातली, बाहेर काढून तिच्यावरची खूण पाहिली आणि हातमोजे उतरवले.

"दोन रस्ते आहेत," सर्जन म्हणाला. "एक, आत्ताच अंगठा आणि शेजारची दोन बोटं काढायची. मग पुढे काय होतं ते बघायचं, आणि पुढे बहुतेक आणखी काढावंच लागतं. दुसरा, दाबाखाली ऑक्सिजन. तीस बैठका, रोज एक, खंड न पाडता. तुमच्या पायाची मोठी रक्तवाहिनी अजून चालू आहे, म्हणून सांगतोय. नसती तर सांगितलं नसतं."

"ऑक्सिजन?" कानसेन म्हणाला. त्याला हसू आलं. "डॉक्टर, मी जन्मभर दुसरं केलंय काय?"

कॅश काउंटरवर हसू गेलं. सुटी बैठक तीन हजार दोनशे. दहा एकदम घेतल्या तर तीस हजार. तीसही एकदम घेतल्या तर चौऱ्याऐंशी हजार, पण चुकलेल्या बैठकीचे पैसे परत नाहीत. कानसेनचा पगार एकोणीस हजार होता. कंपनीच्या विम्याला अर्ज केला, तर नऊ दिवसांनी पत्र आलं की सदर उपचार मंजूर यादीत बसत नाही. यादी जोडली होती. ती बायकोने चष्मा लावून दोनदा वाचली. त्यात मोतीबिंदू होता, मुतखडा होता, हातपाय कापणं होतं.

मालकाने वीस हजार उचल दिली. घरात दहा होते. पहिल्या दहा बैठकांचे तीस हजार असे झाले.

इस्पितळाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या पुढची खोली. मधोमध आडवी पारदर्शक नळी, माणूस सरळ आत जाईल एवढी, आणि एका टोकाला जाडजूड पोलादी दार. कानसेनने ती पाहिली आणि आधी बोटाच्या पेराने दारावर टकटक केलं.

"काय करताय काका?" नळी चालवणारी ऑपरेटर बाई म्हणाली. तिशीची, केस घट्ट बांधलेले, बोलणं भराभर.

"बघतोय पास आहे का. सव्वीस वर्षं मी सिलिंडर भरतोय. आज मलाच सिलिंडरमध्ये भरताय."

ती हसली नाही. तिला रोजचं पाठ झालेलं बोलायचं होतं, ते तिने बोलून घेतलं. "सुती कपडे फक्त. घड्याळ, अंगठी, मोबाइल बाहेर. तेल, क्रीम, अत्तर..."

"लावलेलं नाही. डोक्यालाही नाही. जखमेवरचं मलम सकाळी पुसून आलोय."

"तुम्ही पहिलेच," ती म्हणाली. "लोकांना चार वेळा सांगावं लागतं. एक आजोबा तर खिशात काडेपेटी घेऊन आले होते. बैठक झाली की मलम परत लावायचं हं, जखम ओली राहिली पाहिजे."

आत पडल्यावर कानात दडे बसत. नाक धरून गिळायचं, मग कान मोकळे होत. दीड तास पडून राहायचं. नळीतून छत दिसे, छतावरचा ओल्या डागाचा नकाशा दिसे, आणि मान वळवली की मागची खिडकी. खिडकीबाहेर लोखंडी जाळीत सिलिंडरांची रांग उभी होती. तिसऱ्या दिवशी त्याला त्यांच्या मानेवरच्या तिरक्या खडूच्या रेघा दिसल्या. त्याच्या स्वतःच्या.

हे त्याला खरं तर आवडायला हवं होतं, आणि तो दिवसभर आवडलंही. घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं, "आपलाच माल आहे." पुढच्या दिवशी आत पडल्या पडल्या त्याने दाबाचे काटे वाचायला सुरुवात केली. बैठक सुरू होताना दाब किती, संपताना किती. कामाची सवय, दुसरं काही नाही. एका बैठकीला चार सिलिंडर लागत. कारखान्यातून तो सिलिंडर दोनशे ऐंशीला सुटतो, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. चार गुणिले दोनशे ऐंशी, अकराशे वीस.

"बाई, एक विचारू?" सातव्या बैठकीनंतर त्याने विचारलं. "अकराशे वीसचा माल तीन हजारांना. वरचे अठराशे ऐंशी कशाचे?"

"माझ्या पगाराचे, डॉक्टरांचे, मशीनच्या हप्त्याचे, वीजबिलाचे."

"ते झालं. पण ऑक्सिजन तर तोच ना?"

बाईने हातातला फॉर्म खाली ठेवला. "ऑक्सिजन तोच. तुम्ही पैसे दाबाचे देताय, काका. दाबाखाली तुम्ही तो नाकाने घेता, फुफ्फुसातून रक्तात जातो, साध्या हवेत जाईल त्याच्या कितीतरी पट, आणि रक्तातून पायात पोचतो. बाहेरून जखमेला लावून उपयोग नाही. आतून जायला लागतो."

कानसेनने मान डोलावली. दाब काय असतो हे त्याला शिकवायला निघालेली पोर, एवढंच त्या क्षणी त्याच्या मनात आलं. शिवाय जखम तर बाहेरच होती. डोळ्यांना दिसत होती.

आणि दहा बैठका संपता संपता ती बदललीही. कडा राखाडी होत्या त्या गुलाबी झाल्या, तळाशी लाल दाणे दिसू लागले. सर्जन पहिल्यांदाच "छान" म्हणाला. "चालू ठेवा. आता थांबायचं नाही. वीस राहिल्या."

वीस बैठकांचे साठ हजार.

बायकोकडे भरतकामाचं मशीन होतं. कॉम्प्युटरवालं, एका सुईचं. शाळांच्या गणवेशांचे बिल्ले, इस्पितळाच्या कोटांवरची नावं, दुकानांच्या टोप्या असं काम ती घरी करायची. तीन वर्षं हप्ते भरून शेवटचा हप्ता गेल्याला पाचच महिने झाले होते. त्या वेळी तिने मशीनला हात जोडले नव्हते की काही नाही, फक्त बँकेचं कार्ड कात्रीने उभं कापून कचऱ्यात टाकलं होतं. मशीन दिवसभर चालायचं, कानसेन घरी आला की आधी तो आवाज यायचा, टक-टक-टक, मध्ये धागा बदलायला थांबे, परत टक-टक. आवाजावरून तो सांगायचा, "सुई बोथट झालीय." आणि झालेली असायची.

तिने ते गणवेशवाल्या दुकानदाराला विकलं. साठ हजारांना. दुकानदार तसा सरळ माणूस होता. म्हणाला, "वहिनी, चाळीस दिवस मी ते दुसऱ्याला देणार नाही. चाळीस दिवसांत साठ हजार आणलेत तर मशीन घेऊन जा, वर एक पैसा नको. एकेचाळिसाव्या दिवशी मात्र माझं."

मशीन टेम्पोत चढताना कानसेन दारात खुर्चीवर बसून होता, पाय स्टुलावर. रिकाम्या जागी फरशीचा रंग वेगळा निघाला, चार पायांचे चार चौकोन.

"तोंड कशाला पाडताय?" बायको म्हणाली. "पाय दुकानात मिळत नाही. मशीन मिळतं."

तिने पहिले तीस हजार पाकिटात घालून त्याच्या हातात दिले. तो रिक्षाने इस्पितळात गेला, काउंटरच्या रांगेत उभा राहिला. पुढे पाच जण होते. त्याच वेळी मागच्या फाटकातून कारखान्याची गाडी आत आली आणि हमालांनी सिलिंडर उतरवायला घेतले. एकेक जमिनीला टेकला की वाजे, आणि कानसेन नकळत पास, पास, पास म्हणत होता. सोळा सिलिंडर. चार बैठका. कारखान्याच्या भावाने साडेचार हजारसुद्धा नाहीत. इथे बारा हजार.

पुढे दोन जण राहिले तेव्हा तो रांगेतून बाहेर पडला.

वेडेपणा म्हणाल तर त्यात वेडेपणा कुठेच नव्हता, प्रत्येक पायरी हिशेबाची होती. कारखान्यात चाचणीची एक शेड होती, तिथे दुपारी कोणी फिरकत नसे. स्टोअरकीपर त्याचा जुना दोस्त. ट्रकच्या टायरची जुनी ट्यूब कापून त्याने गुडघ्याखालपर्यंत येईल असा बूट केला, खालचं टोक चिकटवून बंद केलं, वर पिंडरीला पट्टा आणि क्लिप. बाजूला नळी, नळीला रेग्युलेटर, रेग्युलेटरला सिलिंडर. हवा जायला एक बारीक भोक. ट्यूब आतून सोड्याच्या पाण्याने तीनदा धुतली, तेलाचा अंशही राहू नये म्हणून. सिलिंडरचे पैसे तो स्टोअरच्या वहीत रीतसर मांडायला सांगत होता, दोनशे ऐंशीप्रमाणे. चोरी करायची नव्हती त्याला.

"अरे, पाय भरतोयस का फुगा?" स्टोअरकीपर म्हणाला.

"हस. वीस दिवसांनी नाचून दाखवतो."

"डॉक्टरला विचारलंस?"

"डॉक्टरला काय कळतं सिलिंडरातलं?"

तेही खरंच होतं, असं स्टोअरकीपरला वाटलं. तो शेडच्या दारात जाऊन बसला, कोणी विडी पेटवून येऊ नये म्हणून.

रोज दुपारी दीड तास. घरी सांगायचं इस्पितळात जातो. बायकोने दिलेले तीस हजार, मग दहा दिवसांनी दिलेले दुसरे तीस, रेग्युलेटरच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात. त्याने डोक्यात सगळं ठरवलं होतं. पाय बरा होईल, चाळिसाव्या दिवशी सकाळी तो दुकानदारापुढे डबा उघडेल, आणि संध्याकाळी बायको बाजारातून परत येईल तेव्हा मशीन त्या चार चौकोनांवर उभं असेल. ती आधी चिडेल. मग सुई ओवेल.

आणि मलम. हे एक त्याने कोणालाच सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्याला वाटलंच नाही. मलम तेलकट होतं. इस्पितळात ते पुसून जायचं, बैठक झाल्यावर परत लावायचं. पण इथे पाय सरळ ऑक्सिजनमध्ये होता, आणि सव्वीस वर्षं ऑक्सिजनजवळ काढलेल्या माणसाला कणभर ग्रीसची शंकासुद्धा सहन होत नाही. आज पुसलं आणि चामडीच्या वळीत राहिलं तर? पहिल्या दिवशी त्याने स्पिरिटने सगळी जखम पुसली. त्यानंतर मलम लावलंच नाही. पट्टी तो स्वतः बांधू लागला. बायकोला म्हणाला, इस्पितळात बांधतात.

सिलिंडरातला ऑक्सिजन हाडासारखा कोरडा असतो. पाण्याचा अंश राहिला तर आत गंज चढतो, म्हणून तो वाळवूनच भरतात. हे काम कानसेनच्या शेजारच्याच यंत्रावर होत असे.

चौथ्या दिवशी जखमेतला ओलावा गेला. सातव्या दिवशी लाल दाणे तपकिरी झाले, वर साल धरली. कानसेन खूश झाला. पाझरणारी जखम वाईट आणि वाळलेली चांगली, एवढं कोणालाही कळतं. दुखत तर नव्हतंच. दहाव्या दिवशी अंगठ्याची कड काळी दिसली, तेव्हा त्याने स्टोअरकीपरला दाखवली.

"खपली धरतेय," स्टोअरकीपर म्हणाला. त्याला चष्म्याशिवाय दिसत नव्हतं आणि चष्मा ऑफिसात होता.

इस्पितळातून ऑपरेटर बाईचा फोन तिसऱ्याच दिवशी आला होता. कानसेनने सांगितलं, मुलीकडे आलोय, बाहेरगावी. त्याला मुलगी नव्हती, मूलच नव्हतं. बाईने पुन्हा दोनदा फोन केला, तो त्याने घेतला नाही. तेराव्या दिवशी तिने फॉर्मवरचा दुसरा नंबर लावला. तो बायकोचा होता.

"काकी, काका मुलीकडून आले का?"

"कुठल्या मुलीकडून?"

मग बाईने सांगितलं, काका दहाव्या बैठकीनंतर इस्पितळात आलेच नाहीत.

बायको सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कारखान्यात आली. दुपारचा एक वाजून गेला होता. फाटकावर तिने कानसेन कुठे आहे विचारलं, तर वॉचमनने शेडकडे बोट केलं. दारात बसलेला स्टोअरकीपर उठून उभा राहिला आणि "वहिनी" एवढंच म्हणाला. आत तिचा नवरा लाकडी पेटीवर बसला होता, एक पाय काळ्या रबरी ट्यूबमध्ये, ट्यूब फुगलेली, भोकातून सूं सूं हवा जात होती. मांडीवर वर्तमानपत्र होतं.

"अगं, तू इथे?"

"काढा तो पाय बाहेर."

"ऐक तरी. पैसे सगळे आहेत. एक पैसा खर्च नाही केला. सातशे-आठशे फक्त..."

"मी पैशांचं विचारलं का? पाय काढा."

त्याने क्लिप सोडली. ट्यूब खाली बसली आणि तिच्यातून जो वास आला, तो तिला दारातच कळला. त्याला तेरा दिवस तो आला नव्हता. त्याच्या नाकाला रबराची सवय झाली होती. तिने खाली बसून पट्टी उलगडली. अंगठा आणि शेजारची दोन बोटं कोळशासारखी होती. काळा रंग तळव्यावरून अर्ध्या पावलापर्यंत गेला होता, आणि त्याच्यापुढे लाल पट्टा घोट्याकडे चढत होता.

"वाळलीय म्हणून मला वाटलं..." कानसेन म्हणाला.

ती उठली. स्टोअरकीपरला म्हणाली, "भाऊजी, रिक्षा बघा."

सर्जनने पाय पाहिला, मग त्याच्याकडे पाहिलं. रागावला नाही, आणि हे कानसेनला जास्त झोंबलं. "दहा बैठकांनी चामडी जगत होती," सर्जन म्हणाला. "तुम्ही ती वाळवून टाकली. आत जंतू चढलाय. आता पाऊल वाचत नाही. गुडघ्याखाली कापतो, उद्या सकाळी."

"आता त्या नळीत घातलं तर?" बायकोने विचारलं. "पैसे आहेत. आजचे आज भरते."

"मेलेल्या भागात रक्त जात नाही, तर ऑक्सिजन कुठून जाणार?"

विम्याच्या खिडकीवर जाताना बायकोने पत्र्याचा डबाच काखेत घेतला होता. खिडकीतल्या मुलीने कार्ड घेतलं, संगणकात पाहिलं आणि म्हणाली, "काही भरायचं नाही. हे यादीत आहे. शस्त्रक्रिया, भूल, खोली, औषधं, सगळं बसतं."

"सगळं?"

"पूर्ण. सही करा फक्त."

बायको डबा घेऊन परत आली आणि खाटेखाली ठेवला. तिने काय झालं ते सांगितलं तेव्हा कानसेनने तोंड भिंतीकडे केलं. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा चमच्याने वाटी खरवडत होता.

पाय गेला. सहाव्या दिवशी टाके घातलेल्या टोकाची चामडी निळसर दिसू लागली. सर्जन म्हणाला, दहा बैठका दिल्या तर धरेल. नाही दिल्या तर बहुधा गुडघ्याच्या वर जावं लागेल.

"आणि वर कापलं तर?" कानसेनने विचारलं.

"वर कापलं तर काय?"

"विम्यात बसतं?"

"बसतं," सर्जन म्हणाला.

कानसेन पुढे काही बोलायच्या आत बायकोने वाकून खाटेखालचा डबा ओढला. तो दुकानदाराला मशीन दिल्याचा एकविसावा दिवस होता. मुदतीचे एकोणीस दिवस शिल्लक होते, आणि डब्यात साठाला थोडे कमी होते. तिने तीस हजार मोजून काढले.

"अगं, मशीन..." तो म्हणाला.

"तुम्ही आता हिशेब करायचा नाही," ती म्हणाली. "तुमचा झाला करून."

काउंटरची पावती तिने ऑपरेटर बाईच्या हातात दिली. बाईने फॉर्म काढला, जुन्या दहा सह्यांच्या खाली नवीन ओळी आखल्या. कानसेनला चाकाच्या खुर्चीतून उचलून नळीत ठेवताना दोन माणसं लागली. या वेळी त्याने दारावर टकटक केलं नाही. बाईने सांगायला सुरुवात केली, "सुती कपडे, घड्याळ..." आणि मध्येच थांबली.

"मलमाचं मी का नाही नीट सांगितलं तुम्हाला," ती म्हणाली.

"सांगितलं होतं," कानसेन म्हणाला. "ओली राहिली पाहिजे म्हणाला होतात. मला वाटलं, मला जास्त कळतं."

दार बंद झालं. दडे बसले, त्याने गिळलं, कान उघडले. खिडकीबाहेर सिलिंडरांची रांग होती आणि त्यांच्या मानेवर रेघा नव्हत्या. त्याच्या जागी कोणी आलं होतं, ते खडू वापरत नसावं. किंवा वाजवत नसावं. तो दीड तास त्या बिनरेघांच्या मानांकडे बघत पडला.

दहाही बैठका झाल्या. एकही चुकली नाही. चामडी धरली, गुडघा वाचला. उरलेल्या पैशांत लाकडी पाय आला, तोही यादीत नव्हता.

चाळिसाव्या दिवशी बायको गणवेशवाल्याकडे गेली आणि पैसे नाहीत म्हणाली. तो म्हणाला, "वहिनी, मला वाईट वाटतं. पण मशीनवर बसायला मला माणूस हवाच आहे." तेव्हापासून ती सकाळी दहा ते सहा त्याच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर त्याच मशीनवर बसते. बिल्ल्यामागे तिला पूर्वी घरी मिळत त्याचा तिसरा हिस्सा मिळतो.

कारखान्याने कानसेनला ठेवून घेतलं. त्याला एक उंच स्टूल दिलं आहे. दुसरं कोणी तरी सिलिंडर फिरवत त्याच्यापुढे आणतं, तो बसल्या बसल्या टोला मारतो, ऐकतो, रेघ ओढतो. इस्पितळाची गाडी लागली की प्रत्येक सिलिंडर दोनदा वाजवतो. स्टोअरकीपर म्हणाला, "एकदा पास झाला ना, दुसऱ्यांदा कशाला?" कानसेनने हातोडी पुन्हा उचलली.

चार महिन्यांनी विमा कंपनीचं पत्र आलं. बायको अजून दुकानात होती, त्याने एकट्यानेच ते उघडलं. आपला दावा पूर्णपणे मंजूर करण्यात आला असून रुग्णालयास एक लाख चाळीस हजार अदा करण्यात आले आहेत. खाली, लवकर बरे व्हा.

ती घरी आली तेव्हा तो फरशीवरच्या चार चौकोनांशेजारी खुर्ची टाकून बसला होता, पत्र मांडीवर, ओठ हलत होते.

"काय पुटपुटताय?"

"भागिले दोनशे ऐंशी," तो म्हणाला. "बरोबर पाचशे सिलिंडर येतात. दोन दिवसांचं माझं काम."

तिने पत्र त्याच्या मांडीवरून उचललं, घडी केली आणि आत नेऊन पत्र्याच्या डब्यात टाकलं. डब्यात दुसरं काही नव्हतं. झाकण लावल्याचा आवाज त्याला बाहेर ऐकू आला.